अठरा नंबरचं पाणी

परवा रविवारी भाच्याला रामन विज्ञान केंद्रात घेऊन गेलो होतो. बाहेर आल्यावर गांधीसागराकडे बघत तो म्हणाला, "मामा, चंद्रावर पाणी आहे म्हणतात, मग दिसत काहून नाही?" उसाच्या रसाच्या गाडीवर बसून जे उत्तर दिलं, ते जरा वाढवून इथे टाकतोय.

१४ नोव्हेंबर २००८ च्या रात्री चांद्रयान-१ पासून मून इम्पॅक्ट प्रोब नावाची साधारण ३५ किलोची पेटी सुटली आणि २५ मिनिटांनी चंद्राच्या दक्षिण ध्रुवापाशी आदळली. तिच्यावर तिरंगा होता, एवढंच आपल्याला आठवतं. आत 'चेस' नावाचा छोटासा मास स्पेक्ट्रोमीटर होता, तिरुवनंतपुरमच्या स्पेस फिजिक्स लॅबोरेटरीचा. मास स्पेक्ट्रोमीटर म्हणजे रेणूंचा वजनकाटा. वायूच्या रेणूंवर इलेक्ट्रॉन मारून त्यांना विद्युतभार द्यायचा आणि चार दांड्यांच्या मधून पळवायचं. दांड्यांवरचं व्होल्टेज असं ठेवायचं की ठरावीक वजनाचाच आयन पार होईल. पाणी १८, कार्बन डायऑक्साइड ४४.

पृथ्वीवर खरा बोजा काट्याचा नसतोच, निर्वात करणाऱ्या पंपांचा असतो. चंद्रावर निर्वात फुकट! मंगळाच्या जमिनीवर थोडी हवा आहे, म्हणून क्युरिऑसिटीच्या 'सॅम'ला पंप, भट्ट्या असं सगळं लटांबर न्यावं लागलं. ते प्रकरण ४० किलोचं, आपल्या अख्ख्या प्रोबपेक्षा जड. मंगळयानाच्या 'मेन्का'ने कक्षेतूनच मोजलं, त्याचं साडेतीन किलोत भागलं.

मग अडचण कुठे? पाणी आपणच सोबत नेतो ना! यानाच्या पत्र्याला, वायरींच्या वेष्टनाला चिकटलेली ओल अंतराळात हळूहळू सुटत राहते. काटा बिचारा प्रामाणिकपणे १८ दाखवतो. ते चंद्राचं की श्रीहरिकोट्याच्या दमट हवेचं, हे तो सांगत नाही.

आमच्या एका प्रोजेक्टमध्ये सर्व्हर स्लो का, हे आम्ही दोन आठवडे शोधत होतो. शेवटी निघालं काय, तर स्पीड मोजायला लावलेली माझीच स्क्रिप्ट डेटाबेसला ठोकत होती. आणि मी पहिल्याच दिवशी डेटाबेसवाल्यांच्या नावाने मेल टाकून मोकळा झालो होतो. ते लोक अजून मला चहाला विचारत नाहीत. असो.

२४ सप्टेंबर २००९ ला चांद्रयान-१ वरच्याच नासाच्या उपकरणाचे निष्कर्ष 'सायन्स'मध्ये आले, दुसऱ्या दिवशी इस्रोने चेसचं सांगितलं, आणि चेसचा पेपर आला २०१० मध्ये. "मोजलं आपण आधी, श्रेय नेलं त्यांनी" हे रडगाणं ऑफिसात अजूनही ऐकू येतं. मला ते पटत नाही. घाईत छातीठोकपणे १८ जाहीर केलं असतं, तर पहिला प्रश्न आपल्याच पत्र्यावर आला असता. नासाच्या पेपरसोबतही कॅसिनी आणि डीप इम्पॅक्ट यानांची जुळणारी निरीक्षणं छापून आलीच की.

माझी तक्रार वेगळी आहे. एकच फेरी, तीही २५ मिनिटांची, आणि मग उपकरणाचा चुरा. पुन्हा तपासणार कसं? २०१९ च्या चांद्रयान-२ वरचा 'चेस-२' ऑर्बिटरवर बसवला हे म्हणूनच शहाणपणाचं झालं. त्याने आर्गॉन-४० पकडला, आणि आर्गॉनला पाण्यासारखं पत्र्याला चिकटून राहायची खोड नाही. पुढच्या वेळी काटा आणखी हलका कराल तेव्हा वाचलेला किलोभर उपकरणाला स्वतःची ओल ओळखता यावी यासाठी घाला, एवढंच माझं म्हणणं.

हे सगळं ऐकून भाचा म्हणाला, "म्हणजे आपणच सांडवलं का ते पाणी?" काही सांडवलं, काही तिथलंच, असं म्हणून मी अजून एक ग्लास रस मागवला.