तार तुटली, पुढे काय?

इलेक्ट्रिक गिटारवाले दोघे भेटले की एक प्रश्न हमखास निघतो. झटपट तार बदलता येणारा ट्रेमोलो ब्रिज घ्यावा का? टिकतो का तो? माझं उत्तर ठरलेलं आहे. लोखंड टिकतं हो, तारा मिळणं टिकत नाही! आणि विश्वासार्हतेचा हिशोब करताना आपण नेमकं हेच कलम विसरतो.

ज्यांचा गिटारशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी (बाकीच्यांनी खुशाल पुढे उडी मारावी). ब्रिज म्हणजे आपल्या सतारीची घोडी. फरक एवढाच, की ट्रेमोलोची घोडी हलते. तिला जोडलेला दांडा दाबला की सगळ्या तारा एकदम सैल पडतात, सूर खाली घसरतो आणि दांडा सोडला की परत जागेवर येतो. म्हणजे यावा अशी अपेक्षा असते. लिओ फेंडरने १९५४ च्या स्ट्रॅटोकास्टरवर असा ब्रिज दिला आणि त्याला 'ट्रेमोलो' म्हटलं. खरं तर ट्रेमोलो म्हणजे आवाजाचा चढउतार, सुराच्या चढउताराला व्हायब्रॅटो म्हणतात. पण चुकीचं नाव एकदा कोडमध्ये शिरलं की कोण बदलतंय? सत्तर वर्षं झाली :-)

तर, सूर परत जागेवर न येणं हे या प्रकाराचं जुनं दुखणं. तार नटच्या खाचेत अडकते, खुंटीवरचे वेढे सरकतात. फ्लॉइड रोझ नावाच्या माणसाने यावर साधा उपाय काढला: तार दोन्ही टोकांना घट्ट आवळून टाका, म्हणजे सरकायला जागाच नको. १९७९ साली त्याला पेटंट मिळालं. एडी व्हॅन हेलनसारख्यांनी तो ब्रिज वापरला आणि ऐंशीच्या दशकातलं रॉक त्यावर उभं राहिलं.

पण किंमत मोजावी लागलीच. हा ब्रिज दोन खिळांवर सुरीसारख्या धारेने टेकलेला असतो. ९ ते ४२ जाडीच्या सहा तारा मिळून त्याला साधारण ३८ किलोच्या ताणाने पुढे ओढतात, मागच्या स्प्रिंगा त्याला तोलून धरतात. एक तार तुटली की तराजू बिघडला. स्प्रिंगा जिंकतात आणि उरलेल्या पाचही तारा चढतात. कॉलेजच्या फेस्टमध्ये एका मित्राचं असं झालेलं मी पाहिलंय. तुटली एकच तार, बेसूर झाली अख्खी गिटार. नवीन तार घालायची तर आधी टोकाचा गोळा कापा, अ‍ॅलन की शोधा, आवळा, एक तार लावली की दुसरी उतरते... तोवर पब्लिक चहा प्यायला गेलेलं असतं.

म्हणून झटपटवाली कल्पना खरोखर चांगली होती. २००० च्या दशकात त्याच फ्लॉइड रोझने 'स्पीडलोडर' आणला. तार कारखान्यातूनच मोजून कापलेली, दोन्ही टोकांना धातूची बोंडं. दोन्हीकडे अडकवायची, थोडं फिरवायचं, झालं! खुंटीला वेढे देणं नाही, कापाकापी नाही. मला तर ही रचना कागदावर मूळ ब्रिजपेक्षा सरस वाटते, कारण वेढेच नाहीत तर सरकणार काय? आणि प्रत्येक वेळी आवळून झिजणारे स्क्रूही कमी.

मग घोडं कुठे अडलं? तारांमध्ये. या ब्रिजला त्या खास मापाच्या, खास बोंडांच्या तारा लागतात, दुसऱ्या चालत नाहीत. त्यांचा खप कमी, बनवणारे कमी आणि आज त्या सहज मिळत नाहीत. ब्रिज ठणठणीत, गिटार भिंतीवर.

आमच्या धंद्यात दोन आकडे वेगळे मोजतात: सिस्टिम किती दिवसांनी बंद पडते आणि पडल्यावर उठायला किती वेळ लागतो. स्पीडलोडरने दुसरा आकडा मिनिटावर आणला. पण ही वेळ मोजताना 'सुटा भाग हातात आहे' असं गृहीत धरलेलं असतं. तो नसेल तर एक मिनिटाचं अनंत होतं. साध्या तारेच्या टोकाचा तो क्षुल्लक गोळा म्हणजे गिटारच्या जगातलं ओपन स्टँडर्ड आहे. १९५४ च्या स्ट्रॅटलाही आज कोपऱ्यावरच्या दुकानातला कुठल्याही कंपनीचा सेट चालतो. गंमत म्हणजे फ्लॉइड रोझचा मूळ ब्रिज याहूनही उदार. तो गोळाच कापायला सांगतो, म्हणजे कुठलीही तार चालते. त्याच माणसाचा पुढचा ब्रिज मात्र सगळ्यात नखरेल निघाला!

कुणी म्हणेल, स्टाइनबर्गरचं काय? त्यांच्या बिनडोक्याच्या गिटारलाही ऐंशीच्या दशकापासून दोन गोळ्यांची तार लागते. खरंय. पण तशा तारा एकाहून जास्त कंपन्या बनवत राहिल्या, म्हणून त्या गिटारी अजून वाजतायत. आणि आजच्या स्ट्रँडबर्गसारख्या बिनडोक्याच्या गिटारी वरच्या टोकाला साधी तारच आवळून धरतात. बाजार धडा शिकला, असं मी समजतो.

स्टेजवर वाजवणाऱ्याला वेग हवा, हे मान्यच. पण त्याचं खरं उत्तर स्टँडवर ठेवलेली दुसरी गिटार. ती उचलायला दहा सेकंद लागतात, कुठलाही ब्रिज त्याला हरवू शकत नाही.

तेव्हा पहिल्या-दुसऱ्या पगारातून गिटार घेणाऱ्या दोस्तांनो, ब्रिजचा चकचकीतपणा जरूर बघा, धारेचं पोलाद कसं आहे तेही विचारा (स्वस्त नकलांमध्ये धातू मऊ असतो, धार लवकर बसते). पण पैसे देण्याआधी त्याच्या तारा शेजारच्या दुकानात मिळतात का, एवढं बघून या. नाही मिळाल्या, तर गिटारही तिथेच ठेवून या.