पिकाचा ताप मोजून वाण निवडावा का?

बाभळी बंधाऱ्याची दारे सर्वोच्च न्यायालयाच्या 2013 च्या निकालाप्रमाणे 28 ऑक्टोबरपर्यंत उघडी असतात. 29 तारखेला ती बंद झाली की धर्माबादच्या गोदाकाठी रब्बीच्या पाण्याचा हिशेब सुरू होतो. नोव्हेंबरात पेरलेला गहू जानेवारीत निसवतो आणि ऐन दाणा भरताना, फेब्रुवारीत, ऊन चढू लागते. पंजाबच्या गव्हाला जवळजवळ पाच महिने मिळतात. आपल्याला पावणेचार महिन्यांत खळे गाठायचे असते. 2022 च्या मार्चमधल्या उष्म्याने उत्तरेचे धाबे दणाणले, पण इथला गहू असल्या उन्हातच वाढत आला आहे.

अशा हवेसाठी वाण काढताना पैदासकारापुढे एक साधी अडचण असते. संकरानंतरच्या पहिल्या पिढ्यांत हजारो झाडे असतात आणि प्रत्येकाचे दाणे मूठभर. उतारा खात्रीने मोजायचा तर पुरेसे बियाणे हवे, अनेक ठिकाणचे वाफे हवेत, काही वर्षे हवीत. मग उताऱ्याऐवजी उताऱ्याची चाहूल देणारे लक्षण का मोजू नये? मेक्सिकोतील सिमिट या गहू-मका संशोधन संस्थेत मॅथ्यू रेनॉल्ड्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1990 च्या दशकापासून हा विचार नेटाने मांडला. निरभ्र दुपारी इन्फ्रारेड थर्मामीटर पिकावर रोखायचा. ज्याची मुळे पाणी ओढतात आणि पाने ते बाष्परूपाने सोडतात, ते पीक हवेपेक्षा थंड असते. उष्ण, कोरड्या हवेच्या, ओलिताच्या रानात थंड पीक आणि जास्त उतारा यांची सांगड पुन्हा पुन्हा दिसली. काम काही सेकंदांचे. पान किती काळ हिरवे राहते, हेही असेच पाहता येते.

ही बाजू भक्कम आहे. ऑस्ट्रेलियात तर पानातल्या कार्बनच्या समस्थानिकांवरून पाणी काटकसरीने वापरणारी झाडे हेरली गेली आणि 2002 मध्ये ‘ड्रायस्डेल’ नावाचा वाण प्रत्यक्ष शेतात आला. लक्षणावरून निवड ही केवळ प्रयोगशाळेतली हौस नाही.

पण खरी गोम इथेच आहे. ड्रायस्डेलची काटकसर जमिनीत साठलेल्या ओलीवर जगणाऱ्या गव्हासाठी होती. जिथे पाणी मिळत राहते तिथे हेच लक्षण उलटते आणि हात राखून जगणारे झाड मागे पडते. मराठवाड्यात हे दोन्ही प्रकार एकाच शिवारात भेटतात. मोटार लावलेला गहू पाच-सहा पाण्यांवर येतो. शेजारच्या भारी काळ्या रानात नुसत्या ओलीवर पेरलेला असतो. पहिल्यात थंड पीक म्हणजे गुण. दुसऱ्यात ते खोल मुळांचे लक्षण असू शकते, किंवा जानेवारीतच ओल उधळणाऱ्या झाडाचेही. थर्मामीटर आकडा दाखवतो, पाण्याचा साठा दाखवत नाही. ढगाळ वा वाऱ्याच्या दुपारी तर तो आकडाही धड नसतो.

शिवाय लवकर निसवलेले झाड आणि अजून पोटरीत असलेले झाड यांची तुलनाच होत नाही. ताप वेगळा दिसला तर गुण मुळांचा की केवळ तारखेचा? उंचीनेही असाच घोळ होतो. लक्षणे जुळवून आदर्श झाड कागदावर रेखाटण्याचा मोहही जुना आहे. कृषिशास्त्रज्ञ सी. एम. डोनाल्ड यांनी 1968 मध्ये एकाच ताटाचा, फुटवे नसलेला गहू सुचवला होता. तर्क देखणा होता, पण शेतकऱ्यांच्या रानात तो रुजला नाही.

माझा कौल असा: या लक्षणांनी नापास करावे, पहिला नंबर देऊ नये. सुरुवातीच्या पिढ्यांत एकाच सुमारास निसवणारे वाण एकत्र लावून त्यांतले तापट काढून टाकले, तर बराच खर्च वाचतो. थोडे चांगले वाण त्यात हकनाक जातील. तो तोटा मला परवडणारा वाटतो. पण बागायत आणि जिरायत यांच्या चाळण्या वेगळ्या ठेवाव्यात, आणि उरलेल्या मोजक्या वाणांचा निवाडा वजनकाट्यावरच व्हावा. निफाडचे गहू संशोधन केंद्र नाशिकच्या थंडीत आहे. तिथे उत्तम ठरलेला वाण गोदावरीच्या या टोकाला तसाच वागेल असे धरून चालता येत नाही. परभणीच्या कृषी विद्यापीठाने अशा वाणांचे वाफे धर्माबाद-बिलोलीकडच्या रानातही लावावेत, शेजारी फुले समाधानसारखा चालू वाण ठेवावा, आणि डिसेंबरची उशिरा पेरणीही त्यात धरावी. ऊस किंवा कापूस निघाल्यावर गहू पेरणाऱ्यांची गाठ त्याच उन्हाशी पडते.