रक्त कडक असते म्हणजे काय?

मयताला किंवा जलदानविधीला चार माणसे जमली की कुणीतरी हलक्या आवाजात विषय काढतेच. नवरा एड्सने गेला, बायकोलाही एचआयव्ही आहे, मग ती इतकी वर्षे धडधाकट कशी? एक म्हणतो, तिचे रक्तच कडक. दुसरी म्हणते, तिनेच रोग आणला असेल. पहिल्या बोलण्यात थोडे तथ्य आहे, दुसऱ्यात काडीचेही नाही. आधी कोण खाटेला खिळले यावरून रोग कुणी आणला हे ठरतच नाही. ते कसे, एवढेच आज पाहू.

एचआयव्हीचा विषाणू रक्तातल्या पांढऱ्या पेशीत घुसतो. आत शिरायला त्याला पेशीच्या दाराच्या दोन कड्या धराव्या लागतात. दुसऱ्या कडीचे नाव सीसीआर-५. काही माणसांत ही कडी घडवणाऱ्या जनुकातली ३२ अक्षरे जन्मतःच गळालेली असतात, हे १९९६ साली उघडकीस आले. आई आणि बाप दोघांकडून असे जनुक आले तर कडीच तयार होत नाही. नेहमीच्या प्रकारचा विषाणू मग दाराबाहेरच राहतो. उत्तर युरोपात शंभरात सुमारे एक माणूस असा सापडतो. आपल्या देशात मात्र तो फार विरळा, तेव्हा त्या भरवशावर कुणी राहू नये.

दुसरा फरक जगभर सगळीकडे आढळतो. विषाणू शिरलेली पेशी त्याचे तुकडे आपल्या अंगावर, जणू ताटलीत ठेवून, बाहेर दाखवते. ते पाहून शरीराचे शिपाई त्या पेशीला मारतात. या ताटल्यांना एचएलए म्हणतात आणि त्यांचे प्रकार हजारो आहेत. बी-५७ आणि बी-२७ या ताटल्या विषाणूचा नेमका असा तुकडा धरतात, की तो बदलायला गेला तर विषाणू स्वतःच लंगडा होतो. म्हणून अशा माणसांत आजार सावकाश वाढतो. उलट बी-३५ चे काही प्रकार असलेल्यांत तो झपाट्याने वाढतो. यात ना चारित्र्याचा संबंध, ना पूर्वजन्माच्या पापाचा.

आणि खानदानाचाही नाही! प्रत्येकाला एक संच आईकडून, एक बापाकडून मिळतो. त्यामुळे सख्ख्या भावंडांतही दोन्ही संच जुळण्याची शक्यता चारात एक. शिवाय आईबापांकडून आलेले संच एकमेकांपेक्षा वेगळे असतील तर शरीर अधिक काळ झुंजते, असे १९९९ साली दिसून आले. रक्ताच्या शुद्धतेची फुशारकी बाबासाहेबांनी १९३६ सालीच 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये मोडीत काढली होती. आम्हाला इथे तीच आठवते.

पण जनुकांचे माहात्म्यही फार वाढवू नये. उपचाराविना कुणाच्या रक्तात विषाणू किती राहतो, या फरकाचा सुमारे पाव भागच माणसाच्या जनुकांवरून उलगडतो. बाकी विषाणूचा प्रकार आणि इतर कारणे. औषधाशिवाय विषाणू दाबून ठेवणारे लोक शंभरात एकापेक्षाही कमी, आणि त्यांच्यातल्याही काहींचा ताबा पुढे सुटतो. अंगावर काही दिसत नाही, आपले रक्त कडक आहे, म्हणून गोळ्या बंद करणारी पोरे आम्हाला माहीत आहेत. त्यांना घरच्यांनी दटावावे. एआरटीच्या गोळ्या सरकारी केंद्रांत २००४ पासून मोफत मिळतात. २०१७ पासून तर तपासणीत एचआयव्ही निघाला की वाट न पाहता त्या सुरू करतात. नेमाने घेऊन विषाणू तपासणीत दिसेनासा झाला आणि तसाच राहिला, तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही.

राहिला बाळाचा प्रश्न. आईचे रक्त कडक म्हणून बाळ वाचेल, असे काही नसते. बाळाला तिचा एकच संच मिळतो, तोही दोनांतला कुठला ते सांगता येत नाही. म्हणून दिवस राहताच तिची तपासणी करून घ्यावी आणि गोळ्या चालू ठेवाव्यात. जन्मानंतर बाळालाही औषध पाजतात आणि दीड महिन्याचे झाले की त्याचे रक्त तपासतात.