थेंबे थेंबे

सोसायटीच्या कमिटीने मला नोटीस दिली आहे. विषय : पार्किंगमधील तेलाचे डाग. वीस वर्षे बँकेत बसून लोकांना थकबाकीच्या नोटिसा धाडणाऱ्या माणसाच्या दारात नोटीस आली की घरच्यांना किती आनंद होतो, हे मला त्या दिवशी कळलं.

गाडी वडिलांची. १९९४ सालची प्रीमियर पद्मिनी, कुर्ल्याच्या कारखान्यातली. रात्रभरात इंजिनाखालच्या पुठ्ठ्यावर सात-आठ थेंब पडतात. यात गाडी बनवणाऱ्याचा काही दोष नाही. इंजिनाच्या झाकणाखाली कॉर्कचं पॅकिंग असतं. ते रोज तापून-निवून पापडासारखं कडक होतं आणि तेल आपली वाट काढतं. तीस वर्षं तापून मऊ राहिलेला कोणी तुमच्या ओळखीत असेल तर सांगा.

पण पुण्यात पॅकिंगला कोण बोलतो? मालकालाच शिकवतात. एकाने सांगितलं, "नट आवळा." आवळले. फार आवळलं की पत्र्याचं झाकण वाकतं, कॉर्क चुरगळतो आणि एका जागी गळणारं तेल दोन जागी गळू लागतं, हे ज्ञान मला आवळल्यानंतर झालं. मिस्त्री म्हणाला, "साहेब, ब्रीदरचा पाइप चोंदलाय. श्वास कोंडला की घाम फुटणारच." खरं बोलणारा तो एकटाच. आणि आमचे चेअरमन म्हणाले, "काढून टाका हो! नवी घ्या."

माझं भांडण आहे ते या 'काढून टाका'शी.

मी कॉमर्सचा माणूस, हिशेबाने भांडतो. महिन्याला अर्धा लिटर तेल जातं. लिटरला ४०० धरा, म्हणजे वर्षाचे २,४०० रुपये. आता नव्या गाडीसाठी ८ लाखांचं कर्ज, ९ टक्के व्याज, ७ वर्षं मुदत. हप्ता सुमारे १२,८७० रुपये. त्यातलं पहिल्या महिन्याचं नुसतं व्याजच ६,०००! ही गळती नव्हे का? पण तिच्याखाली पुठ्ठा ठेवता येत नाही आणि डाग पासबुकात पडतो, म्हणून कमिटी नोटीस देत नाही.

'वय झालं' म्हणाल, तर सरकारने त्याचीही सोय केली आहे. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणी नवी करायची. ६०० रुपयांची ती फी एप्रिल २०२२ मध्ये ५,००० झाली. २०२४ साली मी ती मुकाट भरली. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये थांबली, तीही टॅक्सीची वीस वर्षांची मर्यादा भरली म्हणून. थकली म्हणून नव्हे. आणि घसाऱ्याचं म्हणाल, तर दरवर्षी उरलेल्या किमतीवर १५ टक्के कापत गेलं की किंमत कमी कमी होते, शून्य कधीच होत नाही. वडिलांच्या गाडीला मी हीच पद्धत लावतो. दुसरी पद्धत चेअरमनांनी आपल्या वडिलांच्या गाडीला लावावी.

एक गोष्ट मात्र त्यांच्या बाजूने आहे आणि नेमकी तीच ते बोलले नाहीत. पहिल्या पावसात तेलकट रस्त्यावर दुचाकीवाला घसरतो. या शहरात दुचाक्या किती, हे काय सांगायला हवं? माझा मुलगाही त्यांतलाच एक. माझा थेंब कोणाच्या चाकाखाली येऊ नये म्हणून पॅकिंग बदलेपर्यंत गाडी रस्त्यावर न्यायची नाही, असं मी ठरवलं. म्हणजे ती पार्किंगमध्येच उभी राहणार. म्हणजे डाग तिथेच पडणार. म्हणजे दुसरी नोटीस!

दुसऱ्या शनिवारी नाना पेठेत गेलो. दोन दुकानदार माझ्याकडे पाहून हसले. तिसऱ्याने शिडी लावून माळ्यावरून धुळीने माखलेलं पाकीट काढलं, फुंकर मारली, पॅकिंग उजेडात धरून पाहिलं आणि पैसे मोजता मोजता हळूच विचारलं,

"साहेब, गाडी विकायची आहे का?"