नदी उशाशी, तहान दाराशी

दौंड म्हटले की लोकांना जंक्शन आठवते. भीमा सहसा कोणाला आठवत नाही. माझी आजी याच नदीवरून घागर भरून आणायची. आज त्या काठावर जलपर्णी दिसते, आणि उन्हाळा आला की घरोघरी एकच प्रश्न असतो : 'आवर्तन सुटले का?'

नदी उशाशी असून गाव तहानलेले का? पुण्याचे सांडपाणी घेऊन येणारी मुळा-मुठा शिरूर तालुक्यातल्या रांजणगाव सांडसजवळ भीमेला मिळते आणि तीच नदी पुढे आमच्या दारात येते. म्हणून दौंडला खडकवासल्याच्या उजव्या कालव्याकडे डोळे लावून बसावे लागते. कालव्याला पाणी आले की नगरपालिकेचा साठवण तलाव भरायचा आणि पुढच्या आवर्तनापर्यंत तो पुरवायचा.

हा कालवा सुमारे २०२ किलोमीटरचा, बहुतांशी उघडा आणि जुना. २७ सप्टेंबर २०१८ रोजी पुण्यात दांडेकर पुलाजवळ त्याची भिंत फुटली आणि शेकडो घरांत पाणी शिरले. बातमी पुण्याच्या पुराची झाली. पण तुटली ती दौंड-इंदापूरचीही वाट होती, हे फार थोड्यांच्या ध्यानात आले.

खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर मिळून साठा सुमारे २९ टीएमसी, म्हणजे २९ अब्ज घनफूट. त्यावर वाढते पुणे, शेती आणि आमच्यासारखी गावे. २०१६ च्या उन्हाळ्यात दौंड-इंदापूरला पिण्यासाठी पाणी सोडायचे ठरले तेव्हा पुण्यात विरोध उसळला. पुणेकरांचेही चुकले असे कसे म्हणावे? त्यांच्या नळाला तेव्हा दिवसाआड पाणी येत होते. पाऊस रुसला की शेजारी शेजाऱ्याचा हंडा मोजू लागतो.

पण आपण भांडतो ते धरणातल्या पाण्यासाठी. वापरून सोडलेल्या पाण्याचा हिशेब कोण मागतो? ते शुद्ध करून मुंढव्याहून कालव्यात सोडायचे आणि शेतीला द्यायचे, अशी योजना झाली. पुण्याचे सगळे सांडपाणी खरोखर शुद्ध झाले, तर शेतीची गरज काही प्रमाणात त्यातून भागेल, धरणातले पाणी पिण्यासाठी उरेल आणि भीमाही मोकळा श्वास घेईल.

नवे धरण बांधायला जागा कुठे आहे? जुना कालवा सांभाळणे आणि घाण नदीत न सोडणे एवढे तरी आपल्या हाती आहे. नातवंडांना मी नदी दाखवतो, तेव्हा ती विचारतात, 'एवढे पाणी आहे, मग टँकर कशाला?' उत्तर मला माहीत आहे. ते देताना मान खाली जाते.