जुन्या यंत्राची पारख

मीरा-भाईंदरातील हाटकेश उद्योगनगरच्या एखाद्या बेताच्या गाळ्यात चामड्याच्या पिशव्या, कमरपट्टे आणि पाकिटे शिवण्याचा धंदा थाटू पाहणाऱ्या कारागिरापुढे भाडे, अनामत रक्कम आणि विजेचे मीटर या बाबींचा निकाल लागल्यावर जो प्रश्न उरतो, तो शिवणयंत्राचा. आणि ज्याच्या गाठीस मोजकेच भांडवल आहे त्याने ते नवे, हलके व चकचकीत यंत्र हप्त्यांनी घ्यावे, की पन्नास-साठ वर्षांपूर्वी ओतलेल्या बिडाचे जुने धूड रोखीने घ्यावे, याविषयी माझे मत निःसंदिग्ध आहे. नीट पारखून घेतलेले जुने यंत्रच त्याच्या हिताचे. परंतु ही पारख यंत्रावरील सोनेरी अक्षरांवरून अथवा विक्रेत्याच्या वर्णनावरून करू जाणारा मनुष्य हमखास फसतो, आणि एकदा फसलेला कारागीर बहुधा जुन्या यंत्रांच्या नावाने बोटे मोडीत हप्त्यांच्या व्यवहारात शिरतो. म्हणून या विषयाचा थोडा विस्ताराने विचार करणे अगत्याचे वाटते.

यंत्र मुळात हवे कशासाठी, हे आधी ठरले पाहिजे. कोल्हापुरी चप्पल, जिला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ती आजही आरी आणि चामड्याची वादी यांच्या बळावर हातानेच शिवली जाते. दोन सुयांनी घातलेल्या हातटाक्यात दोन्ही धागे प्रत्येक छिद्रातून आरपार जातात. सबब एक धागा झिजून तुटला तरी दुसरा शिवण धरून ठेवतो. यंत्राच्या टाक्यात वरचा व खालचा धागा चामड्याच्या जाडीत मध्यावर एकमेकांत अडकतात, एवढाच त्यांचा संबंध असतो, आणि म्हणून एक तुटला की पुढचे टाके सैल होत जातात. ज्याला महिन्याकाठी चार-दोन उत्तम जिन्नस करून चांगल्या दामाने विकायचे आहेत, त्याने रापी, आरी आणि मेण लावलेला धागा यांवरच भिस्त ठेवावी. यंत्राची गरज पडते ती संख्येसाठी, एकाच मापाच्या पिशव्यांची मागणी ठरल्या तारखेस पुरी करून देण्यासाठी.

आता, चामडे म्हणजे जाड कापड नव्हे. कापडात सुई शिरली की त्याचे तंतू बाजूला सरून पुन्हा जवळ येतात. चामड्यात पडलेले छिद्र कायमचे राहते, आणि चुकलेली शिवण उसवून पुन्हा घालण्याची मुभा कारागिराला नसते. शिंप्याच्या यंत्रात, अगदी बाजारात ज्याला ‘अंब्रेला’ म्हणतात त्या दणकट यंत्रातही, माल पुढे सरकवण्याचे काम एकट्या खालच्या दात्यांकडे असते व वरून दाबून बसलेला पाय जागचा हलत नाही. परिणामी खालचा थर पुढे जातो, वरचा पायाखाली अडतो, आणि हातभर शिवण संपता संपता दोन्ही कडा एकमेकींशी जुळेनाशा होतात. मऊ चामड्याच्या खालच्या अंगावर दात्यांचे ठसे उमटतात ते निराळेच. पाकिटाच्या अस्तराला हे चालून जाईल, पिशवीच्या तळाला चालणार नाही. तिथे हवे ते असे यंत्र, ज्यात सुई, पायाचा आतला भाग आणि खालचे दाते ही तिन्ही एकसमयावच्छेदेकरून पुढे सरकतात: सुई चामड्यात रुतलेली असतानाच माल पुढे जात असल्यामुळे थर एकमेकांवरून घसरू शकत नाहीत, आणि सुई वर निघाली की बाहेरचा पाय खाली उतरून तेवढ्या क्षणापुरती पकड आपल्याकडे घेतो. सिंगरच्या ‘१११ डब्ल्यू’ मालिकेतील यंत्रे या चालीची म्हणून नावाजली. अमेरिकेतील ब्रिजपोर्ट येथे व्हीलर अँड विल्सन कंपनीचा जो कारखाना सिंगरने आपल्या ताब्यात घेतला, त्याची खूण म्हणजे त्या नावातले ‘डब्ल्यू’. पुढे जर्मनीच्या फाफने आणि जपानच्या जुकीने याच तत्त्वावर उत्तम यंत्रे काढली, आणि पिशव्या शिवणाऱ्याला यांपैकी कोणतेही चालेल.

चाल ठरली की बैठक ठरवावी. कमरपट्टा व पाकीट सपाट बैठकीवर शिवले जातात, पिशवीचे तयार झालेले तोंड आडव्या हातावर, आणि बुटाचा वरचा भाग उभ्या खांबावर. परंतु एका यंत्रापाशी थोडे थांबले पाहिजे, कारण नवशिक्याचे पैसे सर्वांत अधिक तेच गिळते. सिंगर ‘२९ के’ नावाचे लांब, निमुळत्या हाताचे यंत्र, ज्याला धंद्यातले लोक पॅचर म्हणतात, ते पादत्राणांच्या दुरुस्तीसाठी निर्माण झाले. त्याच्या खाली दातेच नाहीत. वरचा पायच चामडे पकडून ओढतो, आणि तो पाय चहूदिशांना फिरवता येत असल्यामुळे माल न वळवता शिवण हवी तिकडे वळवता येते. बुटाच्या टोकापर्यंत पोहोचणारा तो निमुळता हात पाहून आणि त्याची भारदस्त आकृती पाहून कोणालाही वाटते की हे यंत्र वाटेल ते शिवील. तसे ते नाही. त्याच्या पुष्कळशा नमुन्यांची बॉबिन अगदी लहान असते, जाड धागा त्याला सोसवत नाही, आणि आतील कॅम व दांडे झिजले की टाक्याची लांबी दिशेगणिक बदलू लागते: पुढे जाताना लांब, आडवे जाताना आखूड. दुरुस्तीच्या दुकानात ते अनमोल आहे. मात्र ज्याला दिवसभर लांब सरळ शिवणी घालायच्या आहेत त्याने ते स्वस्त मिळाले तरी पहिले यंत्र म्हणून घेऊ नये.

या ‘के’ अक्षरामागे मोठा इतिहास आहे. स्कॉटलंडातील क्लाइडबँक येथे किल्बोवी नावाचा सिंगरचा जो अवाढव्य कारखाना १८८५ साली सुरू झाला, त्याचे ते आद्याक्षर. तेथील यंत्रे जगाच्या कानाकोपऱ्यात गेली, आणि १९८० साली तो कारखाना बंद पडला तरी त्या गावातील एका रेल्वे स्थानकाचे नाव आजही सिंगर असेच आहे. यंत्राच्या अंगावर ठोकलेल्या क्रमांकावरून व त्याच्या आधीच्या अक्षरांवरून त्याचे जन्मवर्ष काढता येते, आणि विक्रेता ‘इंग्रजांच्या काळातले’ असे सांगून किंमत चढवू लागला तर हा पडताळा उपयोगी पडतो. नमुन्याचा उपक्रमांक मात्र त्याहून महत्त्वाचा, कारण सुई कोणती लागणार, हे त्यावरून कळते. १११ डब्ल्यूला चामड्यासाठी १३५×१६ आणि कापडासाठी १३५×१७ ही सुई लागते, व ती आजही सर्वत्र मिळते. परंतु असेही काही भव्य जुने यंत्र असते की ज्याची सुई मिळविण्यासाठी परदेशी पत्रव्यवहार करावा लागतो, आणि असे यंत्र फुकट मिळाले तरी गाळ्यातील जागा अडविण्यापलीकडे त्याचा उपयोग नाही.

खरेदीच्या वेळी काय पाहावे, हे मी माझ्या परिचयाच्या एका वयोवृद्ध मिस्त्रींकडून शिकलो. विक्रेत्याने मेणकापडाचा पातळ तुकडा पायाखाली सरकवून यंत्र भरधाव चालवून दाखविले, तेव्हा मिस्त्री शांतपणे म्हणाले, “तुमचा तुकडा राहू द्या भाऊ. हे आमचं चामडं, हा आमचा धागा. मोटर बंद करा आणि हाताने फिरवा.” मग त्यांनी चाक स्वतःच्या हातात घेऊन एकेक टाका सावकाश घातला, चार थर जिथे एकत्र येतात त्या जाडीवर सुई अडखळते का ते पाहिले, सुईचा दांडा दोन बोटांत धरून डावीकडे-उजवीकडे हलवून पाहिला, शटलचे टोक नखावर फिरवून त्यावर बारीक कडा आलेली नाही ना याची खात्री केली, आणि शेवटी शिवलेला तुकडा रापीने आडवा कापून दोन्ही धाग्यांची गाठ जाडीच्या मध्यावर बसते की तळाशी उतरते, ते उजेडात धरून पाहिले. रंग उडालेला आहे, याची त्यांनी दखलही घेतली नाही. तळाला एके ठिकाणी बिडाला वेल्डिंग केलेले आढळले, तेव्हा मात्र त्यांनी सौदा तिथेच थांबविला. झिजलेला भाग बदलता येतो, तडकलेल्या बिडाचा भरवसा धरता येत नाही. मोटरीबद्दल त्यांचे म्हणणे एवढेच, की जुनी क्लच मोटर मिनिटाला २८०० च्या आसपास फेरे घेते, जाड चामड्याला तो वेग नको, म्हणून ती काढून हळू चालणारी सर्व्हो मोटर बसवावी व त्या खर्चाची तजवीज किमतीतच धरावी.

अशी यंत्रे भंगारात तोलून विकली जाताना पाहून मला मनस्वी दुःख होते. लंडनच्या ऑलसेंट्स या दुकानांनी जुन्या शिवणयंत्रांच्या रांगाच्या रांगा आपल्या दर्शनी काचांमागे मांडल्या, आणि आपल्याकडेही सिंगरच्या ओतीव पायांवर संगमरवर ठेवून उपाहारगृहांची मेजे केली जातात. महात्मा गांधींनी, यंत्रांविषयी त्यांचा आक्षेप सर्वश्रुत असताना, १९२४ साली ‘यंग इंडिया’त ज्या यंत्राला आवर्जून अपवाद केला ते सिंगरचे शिवणयंत्र होते, कारण त्याच्या मुळाशी मनुष्याचे कष्ट वाचविण्याची प्रेरणा त्यांना दिसली. चालू शकणारे यंत्र शोभेसाठी मांडणे हा त्या प्रेरणेचा अवमान आहे, असे मला वाटते.

येथे शासनाचे कर्तव्य येते. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेतील १८ व्यवसायांत चर्मकारांचा समावेश आहे. अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य ई-व्हाउचरच्या रूपाने आणि पुढे ५ टक्के व्याजाने कर्ज, अशी तिची रचना आहे. या रकमेतून जाणत्या मिस्त्रीने तपासून दुरुस्त केलेले जुने यंत्र घेण्याची मोकळीक कारागिराला असावी, आणि अशा यंत्रांची तपासणी करून दाखला देण्याची व्यवस्था संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळाने करावी. १९७४ साली स्थापन झालेल्या या महामंडळापाशी चर्मोद्योगाचा इतका अनुभव आहे की हे काम त्यास अवघड जाऊ नये. अडचण यंत्रांची नाहीच. ती मिस्त्र्यांची आहे. हाटकेशच्या कारागिराला चामड्यासाठी आजही धारावीची वाट धरावी लागते, आणि यंत्राचे बिघडलेले अंतरंग समजणारी माणसेही बहुतांशी त्याच दाट वस्तीत, पोटमाळ्यावर वा गल्लीच्या तोंडाशी बसलेली आढळतात. पुनर्विकासाच्या ओघात ती माणसे पांगली, तर त्यांच्या हातातले कसब कोणत्याही पुस्तकात सापडणार नाही. धारावीच्या पुनर्वसनाच्या याद्या करताना या मिस्त्र्यांची नोंद त्यांच्या हुन्नराच्या नावाने व्हावी, त्यांना चर्मकामाच्या वस्तीजवळच गाळा मिळावा, आणि त्यांच्यापैकी जे राजी असतील त्यांना औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमधून मानधनावर शिकविण्यास बोलवावे, अशी संबंधित अधिकाऱ्यांस माझी आग्रहाची विनंती आहे.