मोटारीतला वाटाड्या कसा निवडावा?

आमचे एक सहकारी दिवाळीच्या सुट्टीत मोटारीने कोकणात जाणार आहेत. गाडीच्या पुढच्या काचेला चिकटवायचे जीपीएस यंत्र घ्यावे असे त्यांच्या मनात आले. मी पदार्थविज्ञान शिकवतो, म्हणून त्यांनी मलाच विचारले, "सर, कोणते घेऊ? मोठ्या पडद्याचे चांगले ना?" मी म्हटले, "पडद्याचे राहू द्या. त्यातला नकाशा कोणत्या साली सुधारलेला आहे, ते आधी विचारा."

विद्यार्थी मित्रांनो, या यंत्रात खरे पाहता दोन निरनिराळ्या गोष्टी एकत्र नांदत असतात. पहिली म्हणजे रेडिओलहरींचा ग्राहक. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात. प्रत्येकात अणुघड्याळ असते आणि आपले स्थान व वेळ तो सतत कळवत असतो. हा संदेश आपल्यापर्यंत यायला सेकंदाचा साधारण पंधरावा भाग लागतो. या वेळाला प्रकाशाच्या वेगाने गुणले की उपग्रहाचे अंतर मिळते. अशी तीन अंतरे पुरेशी व्हावीत. पण यंत्रातले घड्याळ साधे असते, आणि ते एक मायक्रोसेकंद चुकले तरी अंतर ३०० मीटरनी चुकते. म्हणून चौथा उपग्रह लागतो. (चार अज्ञाते, चार समीकरणे! बीजगणिताच्या तासाला जांभया देणाऱ्यांनी नोंद घ्यावी.)

दुसरी गोष्ट नकाशा. तो आकाशातून येत नाही. माणसांनी तयार करून यंत्राच्या स्मृतीत भरलेला असतो. 'तुम्ही येथे आहात' हे ग्राहक सांगतो. पुढे रस्ता आहे, हे मात्र नकाशा सांगतो, आणि ते कालपर्यंतच खरे असू शकते. जानेवारी २०२१ मध्ये अकोले तालुक्यात कोतूळजवळ मोबाइलवरच्या नकाशाच्या भरवशावर रात्री निघालेली एक मोटार धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या पुलावर शिरली आणि चालकाचा बुडून मृत्यू झाला. तो पूल पाण्याखाली आहे हे गावकऱ्यांना ठाऊक होते. स्थान मीटरभर अचूक कळूनही असे घडू शकते.

मग मोबाइल असताना वेगळे यंत्र कशाला? प्रश्न रास्त आहे. शहरात मोबाइलच बरा, कारण वाहतूक कोठे तुंबली आहे ते त्याला इंटरनेटवरून कळते. घाटात मात्र इंटरनेट जाते. उपग्रहांचे संदेश तेव्हाही मिळत असतात, पण नकाशा आधी उतरवून ठेवला नसेल तर पडद्यावर कोऱ्या जागेत एक ठिपका तेवढा दिसतो. वेगळ्या यंत्रात साऱ्या देशाचा नकाशा साठवलेला असतो. माझे मत असे, की ज्यांना वारंवार आडवाटेने जावे लागते त्यांनी ते जरूर घ्यावे. वर्षातून एकदा कोकणात जाणाऱ्याने मोबाइलमध्ये नकाशा साठवावा आणि पैसे वाचवावेत. हे ऐकून आमचे सहकारी थोडे हिरमुसले, हे खरे!

घ्यायचेच असेल तर जीपीएसबरोबर ग्लोनास आणि गॅलिलिओ या व्यवस्थांचे उपग्रहही टिपणारे घ्या. दरीतल्या रस्त्यावर डोंगर अर्धे आकाश झाकतात. उरलेल्या आकाशात चार उपग्रह सापडण्याची शक्यता त्यामुळे वाढते. दुकानाच्या आत यंत्र पाहू नका, बाहेर मोकळ्यावर आणायला सांगा. स्थान दाखवायला त्याला थोडा वेळ लागला तर घाई करू नका. उपग्रह आपल्या कक्षेची माहिती दर ३० सेकंदांनी पुन्हा पाठवतो, ती पुरी ऐकावी लागते. मग आपल्या गावाजवळ नुकताच झालेला बायपास त्यात आहे का ते शोधा. नसेल, तर नवा नकाशा किती वर्षे फुकट मिळेल आणि पुढे त्याचे किती पैसे पडतील, हे दुकानदाराकडून लिहून घ्या.